विमानात सोडलेली माया

एक विमान पाहायला दुसऱ्या विमानात रात्रभर मान वाकडी करून बसणारा माणूस शहाणा म्हणवला जात नाही, आणि तसा दावा मी कधी केलेलाही नाही. मुंबईहून निघून वॉशिंग्टनच्या विमानतळावर उतरलो तेव्हा माझ्याजवळ पासपोर्ट, खांद्याची पिशवी आणि अंगावरचे कपडे एवढंच होतं. बॅग दुसऱ्याच गावी गेली होती. खिडकीमागच्या बाईंनी ती अटलांटाला सुखरूप आहे असं इतक्या प्रेमाने सांगितलं, की मला बॅगेचा हेवा वाटला.

बाहेर मिलिंद उभा होता. मिलिंद माझा नागपूरचा वर्गमित्र. गेली वीस वर्षं तो हर्नडन नावाच्या उपनगरात राहतो आणि कॉम्प्युटरची कामं करतो. वर्गात तो काडीसारखा होता, अजूनही आहे. मी तेव्हाही काडी नव्हतो.

"बॅग?" त्याने विचारलं.

"फिरायला गेलीय."

"बरं झालं. लवकर निघू. उद्या माझी परीक्षा आहे यार."

पन्नाशीला टेकलेल्या माणसाची परीक्षा म्हटल्यावर मला आधी रक्ताची वाटली. तशी नव्हती. विमानतळाला लागूनच विमानांचं एक अवाढव्य संग्रहालय आहे. तिथे डोसंट (पाहुण्यांना फिरवून माहिती सांगणारा बिनपगारी स्वयंसेवक) व्हायचं मिलिंदच्या मनात होतं. त्यासाठी एका विमानासमोर लोक जमवून बोलून दाखवावं लागतं आणि परीक्षक ऐकतात. एकदा तो नापास झाला होता. उद्याचा दुसरा आणि शेवटचा प्रयत्न.

"पगार नाही, मग इतकी घालमेल कशाला?" मी विचारलं.

मिलिंदने सिग्नलला गाडी थांबवली. "वीस वर्षं मी लोकांच्या तक्रारी क्लोज करतोय. तक्रार आली, क्लोज केली. घरी मुलगी होती तोवर ती विचारायची, डॅड, हे कसं चालतं. आता ती कॉलेजला गेली. आठवड्यातून एक दिवस कोणीतरी मला काहीतरी विचारावं, एवढंच म्हणणं आहे."

सिग्नल हिरवा झाला, आणि मी पुढचे दोन विनोद गिळले.

घरी मिलिंदचे सासू-सासरे होते. सहा महिन्यांसाठी आलेले. काका बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे समोरचा माणूस कर्ज मागायलाच आला आहे अशा नजरेने जगाकडे पाहणारे. काकू हसऱ्या आणि कामसू. मिलिंदची बायको स्वाती वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होती. जिन्यावरून हात हलवून ती परत गेली.

जेवायला भरली वांगी होती. वांगी इथल्या कोरियन दुकानातली, आपल्याकडच्या वांग्यांपेक्षा लांब आणि गुळगुळीत, त्यामुळे मसाला एका टोकाने भरला की दुसऱ्या टोकाने डोकावायचा. चव मात्र अस्सल होती.

"मिलिंदराव डोसा विकणार आहेत म्हणे," काका भाताचा ढीग फोडत म्हणाले.

"डोसंट, बाबा."

"तेच. त्यात पैसे असते तर मी समजू शकलो असतो."

रात्री कपड्यांचा प्रश्न निघाला. माझी पँट प्रवासात टोमॅटोच्या रसाने रंगली होती आणि मिलिंदच्या कुठल्याही पँटमध्ये मी मावणं शक्य नव्हतं. काकूंनी त्याची एक राखाडी पँट उलटी केली, मागची शिवण निरखली आणि कात्रीने टाके उसवले. "जुन्या शिंप्याची आहे, भरपूर सोडलंय आत," त्या पुटपुटल्या. सकाळी ती पँट मला झाली. श्वास घेता येत होता, फक्त बसायच्या आधी विचार करावा लागत होता.

सकाळीच विघ्न आलं. मिलिंदने श्रोते म्हणून ऑफिसातले मित्र सांगून ठेवले होते. त्यांनी एकामागून एक कॅन्सल केलं. श्रोतेच नसतील तर परीक्षा होत नाही. मिलिंद फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभा राहिला.

"माणसंच हवीत ना?" काकू म्हणाल्या आणि चपला घालून बाहेर पडल्या.

हर्नडनमध्ये उन्हाळ्यात एक दृश्य रोज दिसतं. मुलांकडे आलेले आईवडील घोळक्याने तळ्याभोवती फेऱ्या मारतात. साडीखाली पांढरे स्नीकर्स, डोक्यावर मुलाच्या कंपनीची टोपी, तोंडी गुडघे आणि व्हिसा. काकूंनी तो घोळकाच्या घोळका आणला. कोणी साताऱ्याचं, कोणी अकोल्याचं. वातानुकूलित आहे, बसायला बाकं आहेत आणि प्रवेश फुकट आहे, एवढ्यावर सगळे तयार झाले.

संग्रहालयात शिरलो. दारातून आत गेलं की आपण एका सज्जात उभे असतो आणि खाली, नेमकं आपल्याकडे नाक करून, ते काळं विमान पसरलेलं असतं. ब्लॅकबर्ड. विमान म्हणायला जीभ अडखळते. पक्षी, मासा आणि सुरी यांचं एकत्र काहीतरी. नाकाकडून शेपटीकडे नजर नेताना मध्ये एकदा थांबावं लागतं, इतकं लांब. दोन्ही पंखांवर एकेक दंडगोल, त्यांच्या तोंडाशी टोकदार सुळके. हे विमान शत्रूच्या मुलखावरून जाऊन फोटो काढायचं. बंदूक नाही, बाँब नाही, नुसते कॅमेरे आणि पळ.

खाली परीक्षक थांबल्या होत्या. मार्गारेट नावाच्या सडपातळ आजी, निळा कोट, गळ्यात चष्मा. मी बाजूला होऊन विचारलं, मार्क कशावर देता?

"पायांवर," त्या म्हणाल्या. "माणूस कंटाळला तरी चेहरा सभ्य ठेवतो. पाय मात्र पुढच्या वस्तूकडे वळतात. मागच्या वेळी याच्या श्रोत्यांचे पाय त्या अवकाशयानाकडे होते." आणि त्यांनी पाठीमागच्या दालनाकडे बोट दाखवलं.

मिलिंदने इंग्रजीत सुरुवात केली. वेग, उंची, तापमान, लांबी, वजन. आकड्यामागून आकडा. तो विमान दाखवत नव्हता, विमानाचा बायोडेटा वाचत होता. अकोल्याच्या काकांचे स्नीकर्स सावकाश वळू लागले. साताऱ्याच्या मावशी बाक शोधू लागल्या. मार्गारेटबाईंची मान खाली होती.

तेवढ्यात मिलिंदचे सासरे मराठीत म्हणाले, "मिलिंदराव, एक सांगा. इतकं महागाचं विमान आणि त्याच्याखाली परात कशाला ठेवायचे? त्या भिंतीवरच्या फोटोत आहे बघा."

मिलिंदने मार्गारेटबाईंकडे पाहिलं. "त्यांच्या भाषेत उत्तर दे," त्या म्हणाल्या. "मला कळायची गरज नाही. मी खाली बघतेय."

"बाबा, ते जमिनीवर असताना गळायचं."

"काय गळायचं?"

"इंधन."

घोळका जवळ सरकला. दुसऱ्याच्या घरात काही गळतंय म्हटल्यावर आपली माणसं नेहमीच जवळ सरकतात.

"म्हणजे फुटकं होतं," काका म्हणाले.

"फुटकं नाही. पत्र्यांच्या जोडांत मुद्दाम जरा, म्हणजे, फट..."

"फाटकं."

"फाटकं नाही हो बाबा. गॅप. टॉलरन्स." मिलिंदच्या कपाळावर घाम आला. "म्हणजे सैल."

"ढिसाळ काम," साताऱ्याच्या मावशींनी निकाल दिला. "आमच्या कॉलनीतल्या टाकीचं असंच झालंय."

पाय पुन्हा वळायला लागले. मिलिंद विमानाकडे बघत होता, विमान त्याला काही मदत करत नव्हतं. मग त्याची नजर माझ्यावर पडली, आणि तिथून घसरून त्याच्याच राखाडी पँटवर गेली. त्याने माझा दंड धरला, मला सगळ्यांच्या पुढ्यात आणून पाठमोरं उभं केलं.

"आई, काल हिची शिवण तुम्ही उसवलीत. आत काय होतं?"

"माया होती," काकू म्हणाल्या.

"किती?"

"चांगली दोन बोटं. म्हणून तर हे आत मावले."

"माया," मिलिंद म्हणाला. आवाज एकदम बदलला त्याचा. "बाबा, ह्या विमानाला माया सोडलीय. ते इतकं जोरात जायचं, की नुसत्या हवेने त्याचं अंग तव्यासारखं तापायचं. तापलं की धातू वाढतो. अख्खं विमान काही इंच लांब व्हायचं. जमिनीवर अंगाला बेतशीर शिवलं असतं तर वर जाऊन उसवलं असतं. म्हणून खाली ते सैल. खाली ते गळायचं. वर गेलं, तापलं, की जोड घट्ट बसायचे. ते जमिनीच्या मापाने शिवलंच नाही. आकाशाच्या मापाने शिवलंय."

मी अजून पाठमोराच होतो. कोणाचे चेहरे मला दिसत नव्हते. पण मागे स्नीकर्स जवळ सरकल्याचं कानांना कळलं.

"आणि ह्या पंखावर चुण्या आहेत त्या?" काकूंनी विचारलं.

"त्याचसाठी. पत्रा फुगायला जागा."

त्यानंतर मिलिंदला इंग्रजीची आठवणही राहिली नाही. इंधन इतकं थंड डोक्याचं की त्यात पेटती काडी टाकली तर काडीच विझेल. गळत असल्याने थोडंच भरून उडायचं आणि वर दुसऱ्या विमानाकडून टाकी भरून घ्यायची. काळा रंग दिमाखाचा नाही, काळं अंग उष्णता लवकर बाहेर टाकतं. मागे कोणी क्षेपणास्त्र सोडलं तर वैमानिकाचा उपाय एकच, आणखी जोरात जाणे. आणि धातू टायटॅनियम, त्यातला बराचसा गुपचूप रशियाकडूनच आणलेला.

"ज्याच्या घरात डोकावायचं त्याच्याचकडून पत्रा?" काकूंनी विचारलं.

"नाव बदलून घेतला, आई."

"शेजाऱ्याची शिडी मागून शेजाऱ्याच्याच खिडकीत बघायचं," काका म्हणाले, आणि बँकेतल्या माणसाला न शोभेल असं खुदकन हसले. "मग इतकं चांगलं विमान इथे का उभं?"

"खर्च परवडेना. आणि उपग्रह आले. शेवटच्या फेरीत पश्चिम किनाऱ्यावरून इकडे तासाभरात आलं आणि त्याला संग्रहालयाच्या हवाली केलं."

"म्हणजे निवृत्तीच्या दिवशीसुद्धा वेळेच्या आधी हजर," काका म्हणाले. त्यांच्याकडून याहून मोठी पावती कोणाला मिळालेली मी पाहिली नाही.

मंडळी बाकांकडे पांगली तेव्हा मार्गारेटबाई मिलिंदजवळ आल्या. "तो एक शब्द. मा-या. तो काय आहे?"

मिलिंदने सांगितलं. शिवणीच्या आत जास्तीचं सोडलेलं कापड. आणि जीव लावण्यालाही तोच शब्द.

बाईंनी थोडा विचार केला. "आम्ही त्या कापडाला अलाउन्स म्हणतो. आणि मुलांना दर आठवड्याला खाऊचे पैसे देतो, त्यालाही."

मिलिंदने हे मराठीत सांगितल्यावर काकूंनी मान डोलावली. "बरोबर आहे. वाढणाऱ्यासाठीच असतं ते."

"इंग्रजीत बोलतानाही असंच बोल," मार्गारेटबाई मिलिंदला म्हणाल्या. "आकडे भिंतीवर लिहिलेले आहेत. तुला शुक्रवार चालेल?"

मिलिंदला ते पास झाल्याचं कळायला वेळ लागला. तो कॅलेंडर उघडून शुक्रवारी कोणती मीटिंग आहे ते बघत बसला. शेवटी मी त्याच्या हातातला फोन काढून घेतला आणि त्याच्या वतीने हो म्हणालो.

पुढचे दिवस मी हर्नडनमध्ये यथेच्छ घालवले. तळ्याभोवतीच्या घोळक्यात सामील झालो, कोरियन दुकानातली वांगी हेरली. बॅग आली, तिच्यावर अटलांटाचं लेबल होतं आणि एक चाक नव्हतं. मी निघायचा दिवस शुक्रवार आला.

मिलिंद सकाळी दारात घुटमळला. कोणाही पाहुण्याला आजवर त्याने टॅक्सीने जाऊ दिलं नव्हतं. "सोडायला येतो, तिकडे फोन करून सांगतो," तो म्हणाला. मी त्याला सरळ सांगितलं की आलास तर मी विमानात बसणार नाही. तो निळ्या जाकिटात संग्रहालयाकडे गेला. मला काकांनी टॅक्सीत बसवलं आणि ड्रायव्हरला वाजवी भाडं विचारून त्याला घाम फोडला.

टॅक्सी संग्रहालयाच्या वळणावरून पुढे गेली. मनात आलं, ज्या यंत्राचं सगळं आयुष्य कोणाच्या हाती न लागण्यात गेलं, त्याच्याभोवती आता रोज माणसं जमतात, आणि तो वेग त्यांच्या कितपत लक्षात राहत असेल कोण जाणे.

विमानात बसलो, पट्टा लावला, तेव्हा मिलिंदचा मेसेज आला.

"एक धिप्पाड ट्रक ड्रायव्हर होता. त्याने विचारलं, वैमानिक ते बंद हेल्मेट घालून तासन्‌तास बसायचे, मग नाक खाजलं तर काय करायचे? मला उत्तर आलं नाही यार."

मी लिहिलं, "मग?"

उत्तर यायच्या आत हवाई सुंदरी फोन बंद करा म्हणून माझ्याकडे वाकली. मी तिला हाताने थांबवलं, असं की तीही फोनच्या पडद्याकडे बघू लागली.

"शोधून ठेवतो म्हणालो. तो पुढच्या शुक्रवारी परत येणार आहे, विचारायला."