विहिणीच्या गाण्याची माफी

नेवाशाजवळच्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर मी निवेदिका होते. केंद्र शिक्षणसंस्थेचं, त्यामुळे कारभार सोवळा: सकाळी भजन, दुपारी जनावरांचे आजार, संध्याकाळी लग्नातली जुनी गाणी. ही गाणी मात्र थेट प्रसारित व्हायची.

एकदा सोनईकडच्या एक आजी गायला आल्या. डोक्यावर पदर, गालात तंबाखू. मी म्हटलं, "आजी, लाजू नका. मांडवात म्हणता तसंच म्हणा."

आजी लाजल्या नाहीत. हळदीचं एक गाणं उरकून त्या थेट विहिणीवर घसरल्या. आमच्याकडे बायका असली गाणी मांडवात खुशाल म्हणतात आणि पुरुष बहिरे झाल्याचं सोंग करतात. या गाण्यात विहीण होती, तिची बाज होती आणि गावचा तलाठी होता. दुसऱ्या कडव्यात तलाठ्यानं मोजणी सुरू केली, तिसऱ्यात त्याची साखळी कमी पडली. माईक बंद करा म्हणून मी काचेपलीकडे खुणा केल्या. तिथला आमचा तंत्रज्ञ हसून टेबलाखाली गेला होता.

तक्रार एका निवृत्त गुरुजींनी केली, सोबत अख्खं गाणं शुद्ध अक्षरात लिहून. दिल्लीच्या मंत्रालयातून विचारणा आली: अश्लील प्रसारणाबद्दल कारवाई का करू नये?

संस्थेनं चौकशी समिती नेमली. प्राचार्य, अध्यक्ष आणि वकील यांनी दार लावून गाण्याचं रेकॉर्डिंग ऐकलं. नेमकं अश्लील काय ते ठरेना, म्हणून पुन्हा ऐकलं. मग आजींना बोलावलं.

वकील आशेनं म्हणाले, "आजी, मोजणी म्हणजे शेताचीच ना?"

"शेत कुठलं वो? चावटच हाय ते. आन् तक्रार केली त्या गुरुजीच्या लग्नात म्याच गायले हुते. तवा लई हसला."

खुलासा तिथेच बुडाला. दिल्लीहून केंद्र आठवडाभर बंद ठेवण्याची शिक्षा झाली. वर संस्थेनं थेट कार्यक्रम कायमचा बंद केला आणि मला जाहीर माफी मागायला लावली. केंद्र सुरू होताच मी ती गंभीर आवाजात वाचली. त्यावर फोन आले, ते गाणं परत कधी लावणार हे विचारायला.

दुसऱ्या दिवशी आजी आल्या, त्या संतापूनच.

"गानं माझं. माफी तू का मागितलीस?"

"नोकरी आहे, आजी."

"आगं, माझ्या आईनं शिकवलंय मला ते. आख्ख्या मुलखाला सांगितलंस, वंगाळ हुतं म्हनून."

मी चहा मागवला, त्यांनी कपाला हात लावला नाही. एसटीपर्यंत सोडायला गेले, तर त्या चार पावलं पुढेच चालत राहिल्या.

आठवडाभर मला ते खात राहिलं. शेवटी सुट्टीच्या दिवशी रेकॉर्डर घेऊन त्यांच्या घरी गेले आणि म्हटलं, "आईची गाणी सांगा. रेडिओसाठी नाही, माझ्यासाठी."

आजींनी मला बराच वेळ दारात उभं ठेवलं. मग सुनांना हाक मारली आणि म्हाताऱ्याला शेळ्या घेऊन बाहेर पिटाळलं. दुपारभर त्या गायल्या आणि आम्ही साऱ्या पोट धरून हसलो. त्यातलं एकही गाणं कुठे लावण्याजोगं नाही.