कुंकू लावलेला पासवर्ड

आमच्या घरात पाच माणसं होती आणि एक भाता. अब्बा दौंड तालुक्यातले आठवडे बाजार धरून कल्हई करायचे. राहू, यवत, केडगाव, जिथं जमेल तिथं. पाचवीत असल्यापासून सुट्टीच्या दिवशी भाता मारायला मी जायचे. नवसागराचा धूर डोळ्यांत जायचा आणि भाकरी खाताना हाताला त्याचाच वास यायचा. पुढे बायकांनी स्टीलची भांडी घेतली, पितळेची माळ्यावर टाकली आणि अब्बा कोळशाचं पोतं जसं नेलं तसं परत आणायला लागले. त्या दोन वर्षांत आमच्याकडे भाकरीबरोबर मिरचीचं पाणी असायचं. त्याला कालवण म्हणायचं, एवढंच.

हे असं व्हायला नको होतं. अब्बांना तरुणपणी दौंडला रेल्वेत खलाशाचं काम मिळत होतं. शाळेचा दाखला आणा, म्हणाले. अब्बा शाळेत गेले, तर तिथल्या बाबूनं वाळवीनं खाल्लेलं रजिस्टर त्यांच्यापुढे झटकलं. टेबलावर माती पडली. "घे, शोध ह्यात तुझं नाव," असं म्हणून तो हसला. अब्बा ही गोष्ट फार कमी वेळा सांगायचे. सांगितली की आधी हात झटकायचे, अजून माती लागली असल्यासारखे.

मी बी.एस्सी. कॉम्प्युटर झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. मग शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या अलीकडे, एका संस्थेच्या शाळेत क्लार्क म्हणून लागले. चौफुल्यावरून एसटी धरायची, पारगावला भीमेचा पूल ओलांडायचा, की तालुका बदलला. माणसंही बदलतील असं मला वाटलं होतं.

ऑफिसचा कॉम्प्युटर मी येण्याच्या दोन महिने आधी बसला होता. बसवणाऱ्यानं विचारलं होतं, "अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कोणाला करायचं?" म्हणजे या मशीनवरचे सगळे अधिकार कोणाच्या खात्याला द्यायचे. तर सगळे एका सुरात म्हणाले, "आप्पांना!" आप्पा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. त्यांनी जन्मात कीबोर्डला बोट लावलेलं नव्हतं. पण आमच्याकडे नारळ कुणी फोडायचा, फीत कुणी कापायची, हे ठरलेलं असतं. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर हाही त्यातलाच एक मान झाला. शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरचं पहिलं पान आप्पांच्या हस्ते स्कॅन झालं, त्यांच्याच खात्यात. पुढची सगळी पानं बसवणाऱ्याच्या पोरांनी मी यायच्या आधीच तिथं स्कॅन करून ठेवली. एकवीस रजिस्टरं. गावातल्या प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण.

मला साधं खातं मिळालं. बॅकअपचं सॉफ्टवेअर मशीनवर होतंच. मी बाहेरची डिस्क जोडून दर शुक्रवारी बॅकअप लावला. शुक्रवारी हिरवी टिक यायची. तिच्याशेजारी एक छोटा पिवळा त्रिकोण असायचा. वर्षभर मी त्या त्रिकोणावर क्लिक केलं नाही. ही चूक माझी. दुसऱ्यांना नावं ठेवायच्या आधी ती लिहून टाकते.

दिवाळीच्या सुट्टीत पाण्याच्या टाकीचा नळ चालू राहिला. टाकीला लागून स्टोअररूम, आणि त्यात खालच्या फळीवर रजिस्टरं. सुट्टीनंतर कुलूप काढलं तेव्हा आत कुजलेल्या कागदाचा लगदा होता. आमचे हेडक्लार्क, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, रुमाल नाकाला लावून म्हणाले, "जाऊ द्या मॅडम. कॉम्प्युटरमधी हाय की समदं."

त्याच आठवड्यात शनिवारी एक ताई आल्या. माहेर शाळेच्या गावचं, दिल्या कासुर्डीला. अंगणवाडीत मदतनीस म्हणून अर्ज करायचा होता, वयाला शाळेचा दाखला हवा होता, आणि सोमवार शेवटचा. ही त्यांची तिसरी फेरी. आधीच्या दोन्ही वेळा भाऊसाहेबांनी "पुढच्या आठवड्यात या" म्हणून घालवलं होतं.

आजवर कागदी रजिस्टरांवरच भागत होतं. मी पहिल्यांदा स्कॅनचं फोल्डर उघडायला गेले, तर माझ्या खात्याला परवानगी नाही. बाहेरच्या डिस्कवर पाहिलं. फोल्डरचं नाव होतं, आत काहीच नाही. तेव्हा कुठं त्या पिवळ्या त्रिकोणावर क्लिक केलं. एकाखाली एक ओळी सरकत गेल्या: प्रवेश नाकारला, प्रवेश नाकारला, प्रवेश नाकारला. वर्षभर दर शुक्रवारी सॉफ्टवेअर आप्पांच्या दारात जाऊन हात हलवत परत येत होतं आणि मला वर हिरवी टिक दाखवत होतं. त्यात मशीनच्या पोटातून टक टक असा आवाज यायला लागलेला. डिस्क मरायला टेकली की असा आवाज येतो.

"भाऊसाहेब, आप्पांचा पासवर्ड द्या."

त्यांनी खिडकीतून पिंक टाकली. "त्यो देता येत न्हाई. पाकिटात हाय. आन् पाकीट आप्पांच्या देव्हाऱ्यात."

"देव्हाऱ्यात?"

"मग काय चपलांच्या मांडणीवर ठिवायचं? अध्यक्षांचा मान हाय त्यो."

"ही डिस्क आज ना उद्या जाणार. बाहेर बाई बसल्यात."

"बसू द्या की. बसायला काय लागतंय?"

मला त्या पिंकेची, त्या रुमालाची, त्या स्टोअररूमची सगळी शिसारी एकदम आली. ताईंना पायरीवर थांबायला सांगितलं आणि भाऊसाहेबांना त्यांच्याच स्कूटीवर मागे बसवून आप्पांच्या घरी नेलं.

आप्पा ओट्यावर सुपारी कातरत होते. "या भाऊसाहेब. ही कोण?"

"आपली क्लार्क. त्या केडगावच्या कल्हईवाल्याची पोरगी. तुमचा पासवर्ड मागायला आलीया."

"बी.एस्सी. कॉम्प्युटर," मी म्हटलं. "तेही सांगा."

आप्पांनी वर पाहिलं. "पासवर्ड पायजे म्हनं. अध्यक्ष व्हायचंय व्हय गं?"

"नाही आप्पा. तुम्ही कल्हईला भांडी द्यायचा का?"

"द्यायचो की. तुझ्या बापालाच दिली आसतील."

"भांडं तुमचंच राहायचं. पण हातात दिल्याशिवाय कल्हई व्हायची नाही. तुम्ही पातेलं पोटाशी धरून म्हणाला असता, लांबूनच कर, तर?"

"तर भाजलो आसतो!" आप्पा मोठ्यानं हसले. भाऊसाहेबही हसले, उशिरानं. मला हसू आलं नाही.

पाकीट आलं. दोन खंडेनवम्यांना त्याची हत्यारांबरोबर पूजा झाली होती. वर हळदीकुंकवाचे थर, एक वाळलेली झेंडूची पाकळी, आणि शिंपडलेलं पाणी आतपर्यंत मुरलेलं. चिठ्ठी उलगडली. आप्पांच्या शर्यतीच्या बैलाचं नाव इंग्रजीत, आणि त्यापुढे नुसता लाल डाग.

"चार आकडे हुते," भाऊसाहेब म्हणाले. "कुठले ते आठवंना."

आप्पा स्वतः जीपमधून शाळेत आले. मानाची खुर्ची दिली, तिच्यात बसले. मी बैलाचं नाव टाकून पुढे त्यांचं जन्मसाल विचारलं. त्यांनी दोन सालं सांगितली. नक्की त्यांनाही ठाऊक नव्हतं. दोन्ही चुकली. फोनचे शेवटचे आकडे टाकले, तेही चुकले. आणखी चुकलं तर खातं कुलूप घालून बसेल ही भीती. नुसती टक टक.

पायरीवरून ताई म्हणाल्या, "गाडीचा नंबर घालून बगा की. आप्पांच्या जीपचा नंबर आख्ख्या गावाला पाठ हाय."

उघडलं.

पुढचं काम माझं होतं आणि ते मी केलं. फोल्डरच्या परवानग्यांत माझं खातं वाढवलं, आतल्या सगळ्या फोल्डरांना ती परवानगी लागू केली, बॅकअप चालवला. पुन्हा पिवळा त्रिकोण. परवानगी दिली तरी सॉफ्टवेअर कमी अधिकारातच चाललं होतं आणि काही फायली सोडत होतं. त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं, शुक्रवारच्या कामालाही तेच अधिकार लावले, आणि परत सुरू केलं. भाऊसाहेब दोनदा म्हणाले, "झालं की, हिरवं दिसतंय." त्रिकोण गेला. तरी विश्वास ठेवला नाही. बाहेरची डिस्क काढून दुसऱ्या खोलीतल्या कॉम्प्युटरला लावली आणि एकेक रजिस्टर उघडून पाहिलं. पंधराव्यात ताईंचं नाव निघालं. निळ्या शाईत, जन्मतारखेसकट.

हेडमास्तरांना घरून बोलावून सही घेतली. ताईंनी दाखला घडी न करता पदराखाली धरला आणि पाचची एसटी गाठली.

"मग आता माझा मान ग्येला म्हनायचा?" आप्पांनी जाताना विचारलं.

"तुमचं खातं तुमच्याकडेच आहे. मला दुसरं करून घेतलंय."

घरी अब्बांना सगळं सांगितलं. त्यांनी पासवर्डचं काही विचारलं नाही. "त्या बाईला दाखला मिळाला ना?" एवढंच.

मार्चमध्ये मशीनमधली ती टकटकणारी डिस्क बंद पडली. एकवीसच्या एकवीस रजिस्टरं बॅकअपवरून परत आली, एक पानही कमी नव्हतं. कासुर्डीच्या ताई अंगणवाडीत कामाला लागल्या. शाळेच्या कॉम्प्युटरवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं एक खातं माझ्या नावावर आहे.