आपल्या सहीचा नग

पिपलानीतल्या, बाबांच्या कारखान्याने दिलेल्या आमच्या क्वार्टरमध्ये, जेवणाच्या टेबलावर बसून मी तीन दिवस एका बसमागे हात धुऊन लागले होते. पुण्याच्या कंपनीतली नवी नोकरी, काम घरून, आणि सोमवारी ठरणार होतं, मला कायम करायचं की नारळ द्यायचा. आमच्या वेळापत्रकाच्या प्रोग्राममध्ये एक बस निघायच्या आधीच पोचत होती! मी छाती ठोकून सांगितलं होतं, चूक आमच्या टीमच्या सरांच्या फंक्शनमध्ये, त्यांनी लिहिलेल्या कोडच्या तुकड्यात आहे.

मग काय, त्यांच्या कोडमध्ये ब्रेकपॉइंट लावत सुटले. ब्रेकपॉइंट म्हणजे प्रोग्रामला वाटेत थांबवायची खूण. थांबला की आतल्या किमती बघता येतात. पण आम्ही प्रोग्राम लिहितो ती फंक्शनल भाषा महाआळशी. कोणी उत्तर मागेपर्यंत फंक्शन हलायचंच नाही. थांबवून बघावं तर किमतीच्या जागी नुसती रेघ, म्हणजे उत्तर अजून काढलेलंच नाही. डोकं फिरलं माझं.

बाबा कारखान्यात इन्स्पेक्टर, यंत्रांचे तयार भाग मोजून पास करणारे. रविवार होता, समोर मटार सोलत बसले होते.

"आमच्याकडेही काम मधेच थांबवतात. माझी सही झाल्याशिवाय शाफ्ट पुढच्या मशीनवर जात नाही. तू कुठेकुठे थांबवलंस?"

"सगळीकडे!"

"तू लिहिलंयस तिथे?"

"बाबा, ते दहा मिनिटांचं काम होतं. त्यात काय चुकणार?"

"अगं बाई, आधी आपल्या सहीचा नग मोजायचा. मग दुसऱ्याचा."

चिडूनच माझ्या कोडमध्ये ब्रेकपॉइंट लावला. पहिल्याच फटक्यात दिसलं: निघायची वेळ रात्री पावणेबारा, पोचायची सव्वाबारा, मधली मिनिटं उणे. बारानंतर दिवस बदलतो, हे मीच विसरले होते.

"गुपचूप दुरुस्त करते. कोणाला कळणार आहे?"

बाबांचे हात थांबले. एकदा त्यांनी स्वतःच पास केलेला शाफ्ट ट्रकवरून उतरवला होता, "मोजण्यात माझी चूक झाली" असं सगळ्यांसमोर सांगून. प्रमोशन लटकलं त्यात. खरं सांगते, मला तो शुद्ध मूर्खपणा वाटायचा.

"भीती नाही वाटली तेव्हा?" मी विचारलं.

"वाटली की. पण तो शाफ्ट फिरताना शेजारी कोणीतरी उभं राहणार होतं ना?"

मी सरांना लिहिलं, चूक माझी होती, तुमची नव्हे.

सोमवारी बाबांनी स्कूटर लावली आणि दारातूनच विचारलं, "सांगितलंस?"

"हो. कायम न करता तीन महिने लटकवलं मला."

"तीनच? मला आठ वर्षं!" म्हणाले, आणि इतके खुशीत हसले की रडतारडता मीही हसले.