मावशीचा माठ आणि निळी बाटली

आई-वडील सोडले तर माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते वाकोल्याच्या मावशीचं. ती माझी सख्खी मावशी नव्हे. तिची खाणावळ होती आणि जेवायला येणारा प्रत्येक जण तिचा भाचा होता. दारात कुणाचंही पाऊल पडलं की ती माठातून ग्लास भरून पुढे करायची आणि म्हणायची, "आधी पाणी, मग कहाणी!"

कुरिअरवाला, पत्ता चुकलेला माणूस, मीटर बघायला आलेला, कुणीही असो. पाणी प्यायल्याशिवाय त्याला तोंड उघडायची परवानगी नव्हती. एकदा एक माणूस तिच्याशी भांडायला आला होता. दोन ग्लास पाणी पिऊन तो आपण कशासाठी आलो तेच विसरला आणि बांगड्याचं कालवण जेवून गेला.

मी परभणीकडचा, घरातला पहिला पदवीधर. रसायनशास्त्रात बीएस्सी करून नोकरी शोधायला मुंबईत आलो होतो. खाणावळीत पहिल्या दिवशी मी तिला "तुम्ही" म्हणालो, तर तिने मागे वळून पाहिलं. "तुम्ही कोणाक म्हणतंस रे? हय मी एकटीच आसंय." त्या दिवसापासून तू.

तुम्हीही अशा खाणावळी पाहिल्या असतील. दोन खोल्या, चार बाकं आणि उंबऱ्याजवळ लाल माठ. मावशी पाणी उकळून, गाळून त्यात भरायची. रस्त्याने जाणारा कुणीही ते पिऊन जाई. माठ हीच तिची पाटी होती.

मग मागच्या गल्लीत नवी खाणावळ निघाली. तिथे प्रत्येक थाळीबरोबर अल्कलाईन पाण्याची निळी बाटली मिळू लागली आणि आमची बाकं रिकामी होऊ लागली. आमच्यातला जिममध्ये शिकवणारा दणकट गडीसुद्धा एक दिवस दारातूनच म्हणाला, "मावशी, रागावू नको यार. ॲसिडिटीने माझी वाट लावलीय. तिकडचं पाणी झकास आहे, पोटातलं ॲसिडच मारतं."

मावशी हसली खरी, पण त्या दिवशी आमटीत मीठ पडलं नाही. असं कधी झालं नव्हतं.

"झिला, माका पण बाटल्यो आणूक होये," ती मला म्हणाली. "माठ चढवतंय माळ्यार. लोकांका नको, तर ठेवून काय करू?"

तिने बाटल्यांच्या विक्रेत्याला बोलावलं. भर दुपारी तो घाटकोपरहून आला. टाय लावलेला, घामाने निथळणारा, माझ्याच वयाचा. पहिलंच वाक्य म्हणाला, "मॅडम, शरीरातली आम्लता..."

"आधी पाणी!"

बिचारा अल्कलाईन पाण्याचा विक्रेता माठातलं पाणी गटागटा प्यायला आणि "अजून मिळेल?" म्हणाला.

मग त्याने काचेचे ग्लास मांडले. एकात माठातलं पाणी, दोनांत बाटलीतलं. प्रत्येकात आम्लता दाखवणाऱ्या औषधाचे थेंब टाकले. माठातलं पाणी हिरवट झालं. बाटलीतलं मात्र असं निळंजांभळं झालं की जेवणाऱ्यांचे घास हातात राहिले. शेवटचं जेवून घ्यावं म्हणून आलेला जिमवाला ओरडला, "बघ मावशी! बघ!"

मावशीचा चेहरा उतरला. तिने माझ्याकडे पाहिलं. "तू बीएस्सी मां रे? सांग मगे. ह्या पाणी घेवचा की नको?"

मुंबईत मला पहिल्यांदाच कुणीतरी काहीतरी विचारत होतं. मी उभा राहिलो, घसा खाकरला आणि वर्गात शिकवावं तसं आम्ल, अल्क, त्यांची तीव्रता असं सुरू केलं. कुणाला काही कळेना. जिमवाल्याने जांभई दिली. मावशीलाही कंटाळा आला असावा, कारण तिला आठवलं की पाहुण्याला कोकम द्यायचं राहिलं. तिच्या घरातून कोकम न पिता कुणी जात नसे. तिने आगळाची, म्हणजे कोकमाच्या घट्ट आंबट रसाची, बरणी उघडली, समोर आयता भरलेला निळा ग्लास होता, त्यातच चमचाभर आगळ घातलं, ढवळलं आणि त्याच्या तोंडाला लावलं.

"घे, पी मरे."

"अहो मॅडम, नको! त्यात केमिकल आहे!" तो बाकावरून उडालाच. ग्लास मात्र लालभडक झाला होता. निळ्याचा मागमूस नाही.

"त्यात काय?" जिमवाला म्हणाला. "कोकम लालच असतं."

शंका रास्त होती. मी कुणाच्या तरी ताटातली लिंबाची फोड उचलली आणि दुसऱ्या निळ्या ग्लासात हळूहळू पिळली. निळं हिरवं झालं. हिरवं पिवळं झालं. पिवळं नारिंगी झालं आणि शेवटी लाल. खाणावळीत टाळ्या पडल्या. "वन्स मोअर!" दुसरी बाटली उघडली, मग तिसरी. प्रत्येकाला आपल्या हाताने लिंबू पिळायचं होतं. विक्रेताही टाय सैल करून पिळू लागला.

"आपलं पोट लिंबाइतकंच आंबट असतं," मी ओरडून सांगितलं. "तिथे गेल्यावर या पाण्याचं असंच होणार! पाणी वाईट नाही मावशी. पण ते पाणीच आहे."

मावशीने आगळाची बरणी बंद केली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पाणीच आसा? मगे माठात काय आसा?"

एवढं म्हणून ती जिमवाल्याकडे वळली. "आणि तू मेल्या, उपाशीपोटी चार-चार च्या ढोसतंस, त्याचा काय? आधी न्याहारी कर, मगे पोटाक नावा ठेव!"

माठ जागचा हलला नाही. गेलेल्यांपैकी बरेच परत आले, रसायनशास्त्रासाठी नव्हे, रोज लिंबाचा खेळ होतो अशी आवई उठली होती म्हणून. विक्रेता पोटभर जेवला. निघताना मला म्हणाला, "अंधेरीत आमचं पाणी तपासणारी लॅब आहे. माणूस शोधतायत. येतोस?" आज मी जो काही आहे, तो त्या फोडीमुळे.

मावशीने मात्र एक बाटली विकत घेतलीच. "पोरगो उनातसून इलो, रिकामो कसो धाडू?" पाणी तिने तुळशीला घातलं आणि बाटलीत आगळ भरलं. ते पाणी घेण्यासारखं आहे का, असं पुढे कुणी विचारलं की ती सांगायची, "पाण्याचा माका ठावक नाय. बाटली बरी आसा."

गुडघे बोलू लागले तशी ती खाणावळ बंद करून मालवणला गेली. माठ शेजारणीला दिला, आगळाची निळी बाटली मला. आता त्या दारात मोबाइलची कव्हरं विकतात. तिथून जाताना माझा हात अजून ग्लासासाठी पुढे होतो.

गेल्या आठवड्यात मी तिला पत्र पाठवलं.

"प्रिय मावशी, सा. न. वि. वि.

लॅबमध्ये नवी मुलं आली. त्यांना निळं पाणी लाल करून दाखवलं. त्यात तुझं शेवटचं आगळ संपलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, पण आपल्या खाणावळीइतक्या नाही.

बाटली धुऊन ठेवली आहे. ती भरून घ्यायला येत्या रविवारी येतोय. एकटा नाही. बरोबर कोण आहे, ते दारात विचारू नको. दोन ग्लास भरून ठेव.

आधी पाणी, मग कहाणी.

तुझा,
बीएस्सी"