आखाजीची कॅसेट

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवसांत आमच्या एरंडोलजवळच्या गावात दुपार संपतच नसे. निंबाला झोका बांधलेला, सासरहून आलेल्या पोरी आळीपाळीने त्यावर, आणि मी ओट्यावर अर्धवट झोपेत. झोका पुढे गेला की अक्काचा आवाज दूर जायचा, मागे आला की अगदी कानाशी. अक्का माझी थोरली बहीण, चोपड्याला दिलेली. वर्षभर सासरी जे बोलता येत नाही ते आखाजीला झोक्यावर गायचं, ही आमच्याकडची रीतच. सासूला तर नावं ठेवायचीच असतात. झोक्यावरून उतरलं की ते गाणं संपतं. कुणी कुठे सांगत नाही.

मी तेव्हा धुळ्याला कॉलेजात होते. अक्का सासरी गेली की घर खायला उठायचं. म्हणून त्या वर्षी मैत्रिणीचा टेपरेकॉर्डर मागून आणला आणि झोक्याजवळच्या बाजेवर गोधडीखाली दडवला. अक्काला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, म्हणूनच विचारलं नाही.

पुढे धुळ्याच्या खोलीत ती कॅसेट लावून मी कितीतरी दुपारी झोपले. दोरीची करकर, पोरींचं हसू, आणि अक्का. शब्दांकडे माझं लक्षच नसे, आवाज असला की पुरे. याच खुळेपणात श्रावणात चोपड्याला गेले आणि मोठ्या कौतुकाने ओसरीत सगळ्यांसमोर टेप लावला.

सुरुवातीला सासूबाई मान डोलावत होत्या. त्यांनीही कधीकाळी झोक्यावर हेच केलं असणार. मग अक्का तुपाच्या कपाटाच्या कुलपाबद्दल गाऊ लागली, आणि आईपुढे नवरा कसा मुका होतो त्याबद्दल. भाऊजी उठून बाहेर गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, बंद करायचं बटण सापडेना. अक्का खाली मान घालून गहू निवडत होती. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या दोन आखाज्यांना तिला धाडलंच नाही. आमचे वडील, आबा, स्वतः तिला आणायला जाऊन हात हलवत परत आले. तिसऱ्या वर्षी ती आली, वाळलेली. झोक्यावर बसली, पोरींनी झोका दिला. तिने पाय टेकवून तो थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तू घरमा जाय," ती हळूच म्हणाली. "मंग मी म्हनसू."

मी आत गेले आणि दार लावून घेतलं. बाहेर गाणं सुरू झालं तेव्हा मी कानांत बोटं घातली.