कपाटात गाणारा गांदोल्फी

अर्तेमियो गांदोल्फी माझ्या खानावळीच्या वरच्या खोलीत एकटाच राहायचा. रोज सकाळी गळा साफ राहावा म्हणून कच्चं अंडं गिळायचा आणि कपड्यांच्या कपाटात तोंड खुपसून गायचा. कोट आवाज पिऊन टाकतात, असं त्याला वाटायचं. मला खाली सगळं ऐकू यायचं, पण मी कधी बोलले नाही.

परदेशातल्या ऑपेरांत त्यानं तीस-पस्तीस वर्षं नायकाच्या भूमिका गायल्या. ओडेसात म्हणे लोकांनी त्याच्या गाडीचे घोडे सोडून गाडी स्वतः ओढली होती. आमच्या गावाला त्याचं काय! पिकतं तिथे विकत नाही, आणि पो नदीच्या या काठाला तर कौतुकाचं वावडंच.

आमच्या नाटकगृहाची गॅलरी म्हणजे खाटीक, चांभार, लोहार आणि मी. गायकाचा वरचा सूर फाटला की आम्ही नुसत्या शिट्ट्या मारून थांबत नाही. वरून कुणीतरी तो सूर लावून दाखवतो. बघ बाबा, असा असतो! तरुणपणी इथल्या पहिल्याच खेळात गांदोल्फीचा सूर फाटला, तेव्हा तो लावून दाखवला प्रीमो खाटकानं. गाव पोट धरून हसलं. गांदोल्फी गेला तो म्हातारा होऊनच परतला. तोवर त्याचा चेहराही कुणाला आठवत नव्हता.

"सिन्योर गांदोल्फी, तिकडे एवढं नाव झालं, मग इथे धुक्यात कुजायला कशाला आलात?" मी एकदा रस्सा वाढताना विचारलं.

"त्या गॅलरीनं एकदा टाळी द्यावी म्हणून. बाकीच्या टाळ्या मला परक्याच वाटल्या, इरीदे."

"आमची गॅलरी? ती सख्ख्या आईलाही टाळी द्यायची नाही. खा मुकाट्यानं, गार होतंय."

नाताळच्या दुसऱ्या दिवशी हंगामाचा पहिला खेळ होता, दुपारचा. मी त्याला ओढतच गॅलरीत नेलं. "आजोबा, टोपी काढा, काही दिसत नाही," असं मागून कुणीतरी खेकसलं. त्यानं निमूटपणे काढली.

तिसऱ्या अंकात मिलानहून आलेल्या गुबगुबीत नायकाचा सूर फाटला. आमच्या पुढे प्रीमोचा मुलगा ओवीदियो उभा होता. बापाचं दुकान आणि बापाचा गळा, दोन्ही त्याला मिळालंय असा गावाचा समज. त्यानं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात माझ्या शेजारून तो सूर निघाला. भरलेला, सरळ, जराही न थरथरणारा.

गॅलरी नुसती पेटली. "शाब्बास ओवीदियो! बापाचं नाव राखलंस!" ओवीदियो क्षणभर गोंधळला, मग निर्लज्जानं टोपी काढून मुजरा केला.

"अरे गाढवांनो—" मी उठले, तर गांदोल्फीनं माझा हात घट्ट धरला.

"बस खाली. नाव सांगू नकोस."

"अहो, टाळ्या तुमच्या आहेत!"

"म्हणूनच. नाव कळलं तर त्यांना आधी तो फाटलेला सूर आठवेल. वाजवू दे त्यांना."

सगळे आमच्याकडे पाठ करून ओवीदियोला डोक्यावर घेत होते. गांदोल्फी मात्र छातीवर हात ठेवून, मान झुकवून, टाळ्या थांबेपर्यंत उभा राहिला. मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट गप्प होतं. मी नेहमीसारखं अंडं घेऊन वर गेले.

"आजपासून उकडून आण," तो म्हणाला.