एकाच चेहऱ्याच्या दोघी

माझ्या जुळ्या बहिणीला कानात आवाज ऐकू यायला लागले, तेव्हापासून लोक मला निरखून बघताहेत. नंदाखालला माहेरी गेले की शेजारची काकी हटकून विचारते, "तू बरी आहेस ना गं? झोप लागते ना?" मोठ्याने हसले तरी पंचाईत, गप्प बसले तरी पंचाईत. आम्ही दोघी एकाच चेहऱ्याच्या, एकीच्या चुकीसाठी दुसरीने शाळेत छड्या खाल्लेल्या. तेव्हा तिला झालं ते हिलाही होणार, असं सगळ्या गावाने धरूनच ठेवलं होतं. त्यात मी विज्ञानाची शिक्षिका. विरारच्या शाळेत पोरांना मीच शिकवायचे की जनुकं म्हणजे शरीराचा आराखडा, जन्मतःच ठरलेला. आणि घरी येऊन स्वतःच्याच कानांवर पहारा ठेवायचे.

बहिणीचा आजार सासरी सुरू झाला. नवऱ्याने तिला लहान मुलीसकट माहेरी आणून सोडलं आणि हात झटकले. दादा-वहिनीने मायलेकींना सांभाळलं, ते मी कधी नाकारणार नाही. औषध लागू पडलं, आवाज हळूहळू मागे हटले. आता ती वाडीतल्या केळी बघते, मोगरा खुडते, रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाते. अधूनमधून एखादा दिवस वाईट जातो. कुणाचा जात नाही?

तिच्या डॉक्टरीणबाईंना मी एकदा धीर करून विचारलंच, "माझा नंबर कधी?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, जनुकं दोघींची तीच असली तरी त्यातली कुठली चालू नि कुठली बंद, हे आयुष्यभर बदलत राहतं. खाणंपिणं, आजारपण, झोप, धसका, कधी नुसता योगायोग, यांच्या बारीक रासायनिक खुणा जनुकांवर बसतात. या शास्त्राला एपिजेनेटिक्स म्हणतात. जुळ्यांच्या खुणा लहानपणी बऱ्याच सारख्या असतात, वय वाढतं तशा वेगळ्या होत जातात. एकीला हा आजार होतो आणि दुसरीला जन्मभर होत नाही, असं पुष्कळदा दिसतं. त्याचं थोडं कारण या खुणांत असावं, पण पुरतं कोडं अजून सुटलेलं नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. मला पटायला वेळ लागला नाही. एकाच केळीची दोन पिलं काढून एक विहिरीजवळ लावलं आणि दुसरं खाऱ्या पाण्याच्या बाजूला, तर वर्षभरात ती एकाच केळीची म्हणून ओळखू येत नाहीत, हे वाडीतल्या माणसाला कोणी शिकवायला लागत नाही.

मी उड्या मारत हे दादाला सांगायला गेले. तर दादा म्हणतो, "म्हणजे रक्तात दोष नव्हता. मग तिनेच काहीतरी करून घेतलं असणार." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आधी नशीब म्हणून कीव करायची, आता शास्त्र म्हणून खापर फोडायचं! "करून घेतलं ना," मी म्हटलं, "लग्न करून घेतलं. ते तूच जमवलं होतंस." तो तणतणत वाडीत निघून गेला. जाऊ दे.

बहिणीची ती लहान मुलगी, माझी भाची, आता लग्नाची झाली आणि गेल्या वर्षी तिला वसईचं स्थळ आलं. मुलगा बँकेत होता. दोघं बाहेर भेटली होती, बोलली होती, तो तिला मनापासून आवडला होता. मंडळी घर बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी दादाने मला बोलावून घेतलं. म्हणाला, "उद्या तू तिची साडी नेस आणि आई म्हणून बस. कोणाला कळणार आहे? एकदा साखरपुडा उरकला की बघू पुढचं." वहिनी म्हणाली, "पोरीच्या भल्यासाठीच ना गं." आणि माझी बहीण, कपाटातून आपली चांगली साडी काढून माझ्या हातात देत म्हणाली, "बस ना. माझं काही नाही." तिच्या त्या 'काही नाही'ने मला जे झालं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. दुसऱ्या दिवशी मी माझीच साडी नेसून गेले.

मुलगा, त्याची आई, त्याचे मामा. चहा आला, वाडीतली केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी आली. मुलाची आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हीच आई ना? मुलीची जिवणी अगदी तुमची आहे."

दादा घाईने म्हणाला, "हो, हो."

"नाही," मी म्हटलं. "मी मावशी. आई आत आहे, दिसायला माझ्यासारखीच. तिला मनाचा आजार आहे, गोळ्या घेते, म्हणून आत बसवलीय."

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. मुलाच्या आईने कप खाली ठेवला. "अहो, मग हे पुढे येतं ना? मी मोबाईलवर वाचलंय, आईच्या मनाचा ताण मुलांच्या जनुकांवर उमटतो म्हणे."

घ्या! माझंच शास्त्र माझ्या अंगावर.

"उमटत असेल," मी म्हटलं. "बापाकडूनही उमटत असेल, ते नाही वाचलंत? आणि उमटलेलं पुसलंही जातं. माणसात ते पुढच्या पिढ्यांपर्यंत किती जातं, हे शोधणारे लोकसुद्धा छातीठोकपणे सांगत नाहीत, तुम्ही चहा संपायच्या आत निकाल लावलात. माझ्याकडे बघा ना. तिची नि माझी जनुकं तीच. मला नाही झालं. तुमच्या मुलाला कधी काही होणार नाही, अशी हमी आहे तुमच्याकडे?"

एवढ्यात बहीण आपणहून बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली. मुलाची आई एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आता बरं असतं ना?"

"गोळ्या चालू आहेत तोवर बरं असतं," बहीण म्हणाली. "तुम्ही कसल्या घेता?"

"प्रेशरच्या," बाईंच्या तोंडून निघून गेलं. मुलगा हसला. मला वाटलं, जमलं.

नाही जमलं. काही दिवसांनी मामांचा निरोप आला, मुलगी लाखात एक आहे, पण. दादा माझ्यावर ओरडला, "झालं समाधान?" भाची स्वयंपाकघरात रडत होती. खोटं कशाला सांगू, त्याच्यावर तिचा जीव बसला होता. बहीण तिच्यापाशी गेली आणि म्हणाली, "माझ्यामुळे मोडलं ना गं?"

"त्याच्यामुळे मोडलं," भाची म्हणाली. "मी फोन केला, तर म्हणतो, आई ऐकत नाही." तिने ओढणीने नाक पुसलं. दारात उभ्या असलेल्या दादाकडे तिने बघितलंही नाही. "आणि मावशी तुझ्या जागी बसली असती, सगळं जमलं असतं, तर लग्नाच्या दिवशी मी तुला कुठे लपवलं असतं, आई?"